लॅपटॉपची भूपाळी

आमच्या घरात सगळ्यांत उशिरा उठतो तो लॅपटॉप. बटण दाबलं की कधी उठतो, कधी उठल्यासारखं करतो आणि कधी ‘कोणाला हाक मारताय?’ अशा थाटात पडून राहतो. मग घरातले जाणकार जमतात. एकजण झाकण उघडझाप करतो, दुसरा पाठीवर थापट्या मारतो, जणू ढेकर काढायचा आहे.

‘लॅपटॉप चालू होत नाही’ ही तक्रार ‘पोटात कसंतरी होतंय’ इतकीच मोघम आहे. कसंतरी म्हणजे कुठे, ते आधी बघायचं.

दिवाही नाही, पंखाही नाही? मग गोष्ट विजेची. अ‍ॅडॉप्टरच्या लेबलावर बहुतेक १९ किंवा १९.५ व्होल्ट लिहिलेलं असतं. मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) जवळपास तेवढं यायला हवं. आलं तरी हुरळून जाऊ नये. भार नसताना म्हातारा अ‍ॅडॉप्टरही १९ दाखवतो, ओझं पडलं की गुडघे टेकतो. पुढचा उपाय फुकटचा. अ‍ॅडॉप्टर काढा, बॅटरी काढा (आत बसवलेली असेल तर मागचं झाकण उघडून तिचा कनेक्टर सोडवा) आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेला चार्ज निघून जातो आणि अडकून बसलेली, वीज सांभाळणारी कंट्रोलर चिप नव्याने सुरू होते. पण ३० म्हणजे ३०! आपल्याकडे लोक बारापर्यंत मोजतात आणि ‘झालं असेल’ म्हणतात. आता नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर लॅपटॉप उठला, तर संशयाची सुई बॅटरीकडे. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायचं नाही. ती थेट ई-कचरा घेणाऱ्याकडे.

दिवा लागतो, पंखा घुमतो, पडदा मात्र काळा, हा माझा सगळ्यांत आवडता आजार. कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत कोणीतरी जागं आहे, खोट पडद्यात. टॉर्च तिरका धरून पुसट अक्षरं दिसली, तर गेला आहे तो पडद्यामागचा उजेड. कॅप्स लॉकही दाद देत नसेल, तर रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) बाहेर काढा, अर्थात वीज आणि बॅटरी आधी सोडवून. कोकणातल्या पावसाळी हवेत तिच्या सोनेरी दातांवर सहज पुटं चढतात. पांढऱ्या मऊ खोडरबराने ते हलके पुसायचे, कण झटकायचे. शाईचा खोडरबर नको, तो दात घासताना मुलामाही उतरवतो. मग पट्टी तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंना ‘टक्’ ऐकू आलंच पाहिजे. पट्ट्या दोन असतील तर एकेक आलटून पालटून, दोन्ही खाचांत.

कंपनीचं बोधचिन्ह दिसतं आणि गाडी तिथेच थांबते? बायोसमध्ये (लॅपटॉपला उठवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) तारीख बघा. दर वेळी भलतंच जुनं साल दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किटवरचा) सेल संपला आहे. तो बहुधा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. मात्र घड्याळजीकडून नुसता सेल आणू नका. पुष्कळ लॅपटॉपमध्ये त्याला दोन वायरींची शेपटी असते. हा सेल गेला की बायोस आपली मांडणी विसरतो आणि कधीकधी समोरची डिस्कही ओळखत नाही.

डिस्क कटकट करत असेल, तर दुरुस्ती नंतर, फोटो आधी. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवणं म्हणजे अतिदक्षता विभागातल्या माणसाला जिने चढायला लावणं. फोटो उतरले की तिथे २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. म्हातारा चक्क धावू लागतो.

एवढं करूनही न उठलेला लॅपटॉप दुकानात नेला की पहिल्याच बटणाला उठतो. दुकानदार आपल्याकडे करुणेने बघतो. यात चमत्कार काही नाही. सैल बसलेली रॅम रिक्षाच्या धक्क्यांनी जागेवर बसलेली असते. परतीच्या वाटेवर खड्डे तेच असतात.