'ओळखीचे काहीतरी म्हणा'

आज संध्याकाळी कोथरूडच्या एका छोट्या सभागृहात जे घडले, ते घरी येऊन दोन तास झाले तरी मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. स्वतःची गाणी स्वतः लिहून, त्यांना स्वतःच चाल लावून गाणाऱ्या एका पंचवीस वर्षांच्या मुलीचा कार्यक्रम होता. तिची तीन गाणी झाली आणि चौथे सुरू होण्याआधी आयोजकांची चिठ्ठी आली : 'ओळखीचे काहीतरी म्हणा.' तिने ती वाचली, घडी घालून गिटारच्या खोळीत ठेवली आणि पुढचा अर्धा तास जुनी चित्रपटगीते गायली. टाळ्या भरपूर पडल्या. माझे हात मात्र उचलले गेले नाहीत.

तिचे नाव लिहीत नाही, कारण तिला याच शहरात अजून अनेक ठिकाणी गायचे आहे. ती भोर तालुक्यातली. बारावीनंतर पुण्यात आली, सदाशिव पेठेत आमच्या शेजारच्या वाड्यात कॉट बेसिसवर राहिली, दिवसा हिशेबाची नोकरी आणि रात्री गाणे असे तिचे चालले आहे. गावी आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिने मोबाइलवर मुद्रित करून ठेवल्या आहेत आणि तिच्या गाण्याचे सगळे मूळ त्या मुद्रणांत आहे.

दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी दुपारी तिने आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या आईला एक गाणे ऐकवले होते. अंगणात तुळशीजवळ नुसतेच पडून राहिलेल्या जात्याचे ते गाणे. आई ऐंशीची आहे. तिने लहानपणी स्वतः दळले आहे. ओवीचे चरण साडेतीन असतात, शेवटचा तोकडा. तो संपला की ही मुलगी शब्द थांबवते आणि उरलेल्या जागेत फक्त गिटार वाजत राहते. गाणे चालू असतानाच आई म्हणाली, "इथं खुंटा फिरतोय." मुलगी एकदम थांबली आणि आईकडे पाहत राहिली. तिने ही जागा जात्याचा खुंटा, म्हणजे हाताचा दांडा, फिरण्यासाठीच ठेवली होती आणि तोवर ती कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

सभागृहात माझ्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "हे सगळे पाश्चात्त्य आहे, आपले नव्हे." मला अतिशय राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. ही मुलगी गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर खाली उतरवते. त्यामुळे खालच्या तीन तारा सा-प-सा अशा तंबोऱ्यासारख्या बोलू लागतात, त्यांवर तिचा अंगठा जात्यासारखा एका गतीने फिरत राहतो आणि ओवीची चाल उरलेल्या बोटांतून येते. यात पाश्चात्त्य आहे ते फक्त लाकूड आणि तारा. पेटी तरी कुठे आपली होती? ती युरोपातून आली, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली, आणि आज तिच्याशिवाय आपले भजन उभे राहत नाही.

शब्द आणि स्वर दोन्ही ज्याचे स्वतःचे, त्याला आपल्याकडे वाग्गेयकार म्हणतात. संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असताना, त्याची लक्षणे लिहून ठेवली. तुकोबा देहूला उभे राहिले ते स्वतःचेच अभंग घेऊन. बहिणाबाईंनी शेतात आणि घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, स्वतःचीच गाणी म्हटली. हेमा राईरकर आणि गी प्वातवां या अभ्यासकांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; त्या बायकांना कोणी चिठ्ठी पाठवली नव्हती. असे असताना स्वतः लिहून गाणाऱ्या मुलीला 'हे नवीन फॅड' म्हणणारी माणसे या शहरात भेटावीत, याचे मला मनापासून दुःख होते.

आयोजकांना खुर्च्या भरायच्या असतात आणि सभागृहाचे भाडे द्यायचे असते, हे मान्य. तिची शहराविषयीची दोन गाणी अजून कच्ची आहेत, हेही मान्य. त्यांत शब्द जास्त आणि अनुभव कमी आहे. पण अनोळखी गाणे ऐकण्याची पुण्याला सवय नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायणातले एक नवे गीत लागत असे. माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांची चाल, अशी छप्पन्न गीते. लोक रेडिओभोवती जमत, ते आधी कधीही न ऐकलेले गाणे ऐकायला. आई तेव्हा दहा वर्षांची होती. वर्षभर दर आठवड्याला थांबू शकणाऱ्या शहराला आज चौथ्या गाण्यापर्यंतही थांबवत नाही का?

इथवर लिहिले आणि थोडी शांत झाले. ती चिठ्ठी लिहिणारा माणूसही वाईट नसावा. प्रेक्षकांची चुळबुळ पाहून तो घाबरला असेल. त्या चुळबुळीत आपण सगळे होतो. चिठ्ठी आली तेव्हा मला उठून 'तिचेच गाणे होऊ द्या' असे म्हणता आले असते. मी बसून राहिले आणि आज सर्वांत जास्त तेच टोचते आहे.

कार्यक्रमानंतर ती माझ्याबरोबर घरी आली. रिक्षात एवढेच म्हणाली, "काकू, चालतंय. पैसे मिळाले ना." मला उत्तर सुचले नाही. आई जागीच होती. तिने कार्यक्रम कसा झाला ते विचारले आणि मुलीने चिठ्ठीची गोष्ट सांगितली. राहिलेले चौथे गाणे कोणते होते, असे आईने विचारले. ते जात्याचेच होते.

साडेदहा वाजता, ओट्याशी स्टुलावर बसून तिने ते म्हटले. शेवटचा तोकडा चरण संपला, शब्द थांबले, अंगठा फिरत राहिला, आणि आईचा उजवा हात मांडीवर त्याच गतीने फिरू लागला. गाणे संपल्यावर मुलीने गिटार खोळीत घालायला घेतली, तेव्हा आई म्हणाली, "ठेवतेस काय पोरी, पहिल्यापासून म्हण."