समुद्र लांब म्हणून गप्प बसायचं?

दांडिया बाजारात कुणाजवळ जहाजांच्या धुराचा विषय काढा, तेच उत्तर: "बडोद्याला कुठे समुद्र आहे?" डोकंच उठतं! माझी लेक उरणला राहते. नातू सहा वर्षांचा, दप्तरात डब्याशेजारी इनहेलर. त्याच्या दम्याचं एकच कारण कुणी सांगू शकत नाही, मान्य. पण समोर बंदर आहे, आणि धुरातले बारीक कण फुप्फुसातून थेट रक्तात उतरतात.

माझ्या स्कूटरची पीयूसी संपली की दंड. धूर आणखी घातक करतं ते इंधनातलं गंधक. रस्त्यावरच्या डिझेलमध्ये ते दहा लाखांत १० भाग, जहाजांच्या इंधनात मात्र ०.५ टक्के चालतं, म्हणजे ५००० भाग. पाचशेपट! तेही २०२० पासून, आधी ३.५ टक्के होतं. धूर धुणारं यंत्र बसवलं की आजही तेच जाड, काळं तेल जाळायची मुभा. युरोपातल्या बाल्टिक समुद्रात २०१५ पासून मर्यादा ०.१ टक्का. मग आमच्या किनाऱ्याला का नाही?

धक्क्याला लागलेलं जहाजसुद्धा विजेसाठी इंजिन धडधडत ठेवतं. अरे, किनाऱ्यावरून वीज द्या ना! रोज रात्री फोनवर "आजोबा" म्हणायच्या आधी तो खोकतो, आणि ते मला इथे बडोद्यात ऐकू येतं.