कोळी एकदा चावून झाल्यावर

अभिनंदन! तुमच्या सुपरहिरोचा पहिला चित्रपट चालला. कोळी चावला, प्रयोगशाळेत स्फोट झाला, आकाशातून पडलेलं बाळ शेतात सापडलं, जे काही व्हायचं ते झालं आणि लोकांनी ते पैसे मोजून पाहिलं. आता दुसरा भाग काढायचा आहे. धाकधूक वाटत असेल. वाटायलाच हवी. दुसऱ्या भागात एक मोठा धोका असतो आणि तो तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो: तो पहिल्यापेक्षा चांगला होऊ शकतो.

हसू नका. पहिल्या भागाचा निम्मा वेळ ओळखपाळखीतच जातो. हा कोण, याला काय झालं, पोशाख कुठून आला, पहिल्यांदा उडी मारताना भिंतीवर कसा आपटला. दुसऱ्या भागाला हे सगळं आयतं मिळतं. कोळी चावून झालेला असतो. म्हणजे दिवे मालवल्यापासून दोन-अडीच तास मोकळे, आणि पटकथाकाराला मोकळा वेळ मिळाला की त्याच्या डोक्यात भलतंसलतं येऊ लागतं. या माणसाला ही शक्ती झेपते का? तिच्यापायी याचं काय काय गेलं? असले प्रश्न एकदा कागदावर उतरले की चित्रपट हातातून गेलाच म्हणून समजा.

२००४ सालच्या 'स्पायडर-मॅन २'ने या बाबतीत फार वाईट पायंडा पाडला. एवढं अंगात बळ असलेला पोरगा, आणि दिग्दर्शक सॅम रेमी त्याला करायला काय लावतात? पिझ्झा पोचवायला. तोही उशिरा पोचतो आणि नोकरी जाते. घरमालक भाड्यासाठी मागे लागलेला. पोशाख धुवायला टाकला तर त्याचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागतो. शक्ती भलत्या वेळी दगा देते, मग साहेब लिफ्टने खाली येतात आणि शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस पोशाखाची चौकशी करतो. खलनायकही धड दुष्ट नाही. डॉक्टर ऑक्टेव्हियस हा नायकाला आवडणारा शास्त्रज्ञ. प्रयोग फसतो, त्यात त्याची बायको जाते, आणि शेवटी तो आपलं यंत्र स्वतःच्याच हाताने बुडवतो. ट्रेनच्या प्रसंगात तर कहर आहे. ट्रेन थांबवता थांबवता नायक कोसळतो, चेहऱ्यावर मुखवटा नाही, आणि डब्यातले प्रवासी त्याला हातोहात आत घेतात. कोणीतरी म्हणतं, अरे, हा तर पोर आहे. मग दोन मुलं त्याचा मुखवटा त्याला परत देतात. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर मुखवटा परत देणारा हात. त्याला किती खर्च आला असेल? एवढ्या बजेटचं चीज झालं म्हणायचं का हे?

हे टाळायचं असेल तर पहिला उपाय खोगीरभरतीचा. एक चांगला खलनायक लिहायला महिने लागतात. तीन खलनायक एका दुपारच्या बैठकीत होतात. रेमींच्याच मालिकेने तीन वर्षांत ही चूक सुधारली. २००७च्या 'स्पायडर-मॅन ३'मध्ये वाळूचा सँडमॅन आहे, सूडाने पेटलेला मित्र हॅरी आहे, आणि उल्केबरोबर आलेल्या काळ्या चिकट जीवातून झालेला व्हेनमही आहे. ही उल्का पृथ्वीवर कुठेही पडू शकली असती. ती नायकापासून हाकेच्या अंतरावर पडते. केवढी ती पृथ्वी, पण नेम बघा! रेमींना व्हेनम मुळात नको होता, निर्मात्याने आग्रह धरला. अशा वेळी निर्मात्याच्या पाठीशी उभं राहायला शिका. सँडमॅनची गोष्ट खरं तर वाट चुकून चांगली निघत होती. आजारी मुलीसाठी चोऱ्या करणारा बाप, वाळूच्या ढिगातून पुन्हा माणूस होऊन उभं राहण्याची त्याची धडपड, मुलीचा फोटो असलेलं लॉकेट उचलायला जावं तर बोटांचीच वाळू होऊन गळते. संवाद नाही, मारामारी नाही. मला विचाराल तर अख्ख्या चित्रपटात तेवढा एक प्रसंग पुन्हा बघावासा वाटतो. पण मला कोण विचारतो? उरलेल्या दोघांना जागा हवी म्हणून बापाला बाजूला सारलं, वर पहिल्या भागात मिटलेलं काकांच्या खुनाचं प्रकरण उकरून काढून तेही त्याच्याच गळ्यात बांधलं. आणि चित्रपटाने ८९ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण लोक उगाच हेटाळणीने वापरतात.

दुसरी गोष्ट मरणाची. यात हयगय नको. माणसं मारायला हरकत नाही, मारलीच पाहिजेत, ट्रेलरला उपयोग होतो. फक्त ती मेलेली राहता कामा नयेत. २००८च्या 'द डार्क नाइट'मध्ये जोकर बॅटमनला दोन पत्ते सांगतो, तेही उलटे. बॅटमन आपल्या आवडत्या रेचेलला वाचवायला धावतो आणि सापडतो सरकारी वकील हार्वी. रेचेल जाते. ती पुढच्या भागातही परत येत नाही. बरं, निदान शेवटी नायकाची मिरवणूक तरी काढावी. तर तो दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन पोलिसांचे कुत्रे मागे लागलेले असताना पळून जातो. चित्रपटाच्या नावातही बॅटमन नाही! इतकं सगळं चुकवूनही १०० कोटी डॉलरच्या वर धंदा झाला, पण अपवादाकडे बघून आपण चालत नसतो. (नावाचं म्हणाल तर भारतीयांनी जास्त कल्पकता दाखवली. 'कोई... मिल गया'चा पुढचा भाग 'क्रिश' आणि त्याच्या पुढचा थेट 'क्रिश ३'. 'क्रिश २' कधी आलाच नाही. जो भाग काढलाच नाही त्यात दोष कोण काढणार?)

मरण कसं हाताळावं हे शिकायचं असेल तर 'थॉर' मालिकेतल्या नायकाच्या कपटी भावाकडे, लोकीकडे बघा. 'थॉर'च्या पहिल्या भागात तो खोल अवकाशात पडून गेला. मग परत आला. दुसऱ्या भागात भावाच्या मांडीवर प्राण सोडला, तासाभरात सिंहासनावर. पुढे थॅनॉस नावाच्या महाखलनायकाने त्याचा गळा आवळला आणि आता परत येणं नाही अशी ग्वाहीही दिली. २०२१मध्ये त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका आली, दुसऱ्या काळातला लोकी घेऊन. आता याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढायचं म्हणजे प्रेक्षकांनी पाणी साठवून तरी किती ठेवायचं? २०१४च्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन २'ने मात्र इथे पुन्हा घोळ घातला. एरवी आज्ञाधारक चित्रपट. इलेक्ट्रो, ग्रीन गॉब्लिन, ऱ्हायनो, शिवाय पुढच्या चार चित्रपटांची पेरणी, ज्यांचं पीक कधी आलंच नाही. पण घड्याळाच्या मनोऱ्यात नायकाची प्रेयसी ग्वेन पडते, जाळं तिच्यापर्यंत पोचतं, आणि तरी ती वाचत नाही. तिथे थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. इतक्या कष्टाने बिघडवत आणलेल्या चित्रपटात असा एक प्रसंग राहून जातो आणि लोक दहा-दहा वर्षं तोच धरून बसतात.

ज्येष्ठांचंही एक उदाहरण देतो. १९८०च्या 'सुपरमॅन २'मध्ये नायक प्रेमासाठी आपली शक्ती सोडतो आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात एक ट्रकवाला त्याला बदडून काढतो. स्वतःचं रक्त तो पहिल्यांदा बघतो. घाबरू नका, शेवटी सगळं जागच्या जागी येतं. शक्ती परत, ट्रकवाल्याचा हिशेब चुकता, आणि त्याच्या प्रेयसीला, लोइसला, जे जे कळलं होतं ते एका चुंबनाने पुसून टाकलेलं. पाटी कोरी. हाच आपला मंत्र. पहिल्या भागात तर त्याने काळच मागे फिरवला होता. या चित्रपटाचा बराचसा भाग रिचर्ड डॉनर यांनी चित्रित केला, मग त्यांना काढून रिचर्ड लेस्टर यांच्याकडून तो पुरा करून घेतला, आणि २००६मध्ये डॉनर यांची आवृत्ती वेगळी विकली. एकाच गाईचं दूध दोनदा.

हा दिग्दर्शक बदलण्याचा उपाय फार गुणकारी आहे. 'जस्टिस लीग'चंच बघा. २०१६च्या चित्रपटात सुपरमॅन मेला, आणि पुढच्याच वर्षी इथे जिवंत झाला, तोवर ठीक. पण दुसऱ्या दिग्दर्शकाने पुन्हा चित्रीकरण करायचं ठरवलं तेव्हा सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिल यांनी दुसऱ्या एका चित्रपटासाठी मिशी वाढवलेली होती, आणि ती काढायला त्या चित्रपटवाल्यांची ना होती. मग संगणकावर मिशी पुसली. त्या वरच्या ओठाकडे बघून जी भीती वाटते ती कुठल्याही खलनायकाला वाटवता आलेली नाही. मरणावर मात करून आलेला माणूस मिशीवर मात करू शकला नाही!

आता गृहपाठाकडे वळू. तुमचा चित्रपट स्वतंत्रपणे कळता कामा नये. २०२३च्या 'द मार्व्हल्स'मध्ये तिघी नायिका आहेत. एकीला शक्ती कशी मिळाली हे एका मालिकेत, दुसरीची गोष्ट दुसऱ्या मालिकेत. चित्रपट १०५ मिनिटांचा, अभ्यासक्रम कितीतरी तासांचा. मार्व्हलच्या या जोडकथांच्या विश्वातल्या सगळ्या चित्रपटांत त्याची कमाई सर्वांत कमी झाली, पण प्रेक्षक नापास झाले तर त्यात शिक्षकाचा काय दोष? आणि शेवटची नावं सरकून गेल्यावर एक छोटा प्रसंग ठेवायलाच हवा. त्यात नवा माणूस सावलीतून बाहेर येईल आणि एकच वाक्य बोलेल. मी स्वतः इतक्या वेळा त्या वाक्यासाठी बसून राहिलोय की जगातल्या केशभूषाकारांची, वाहनचालकांची आणि हिशेबनिसांची नावं मला पाठ होत आली आहेत. कधीकधी वाटतं, तेवढ्या वेळात चित्रपटच नीट संपवला असता. पण हे विचार उद्योगाला घातक आहेत.

खेळण्यांना विसरू नका. १९९२चा 'बॅटमन रिटर्न्स' मुलांसाठी फार भीषण आहे अशी पालकांनी ओरड केली. त्यातल्या पेंग्विन नावाच्या खलनायकाच्या तोंडातून काळं काहीतरी गळायचं. त्याची बाहुली कोण घेणार? पुढे दिग्दर्शक बदलला आणि १९९७च्या 'बॅटमन अँड रॉबिन'मध्ये खेळणी आधी, कथा मागून असा योग्य क्रम आला. प्रत्येकाला दोन-दोन पोशाख, गोठवणाऱ्या मिस्टर फ्रीझच्या तोंडी थंडीवरचे विनोद, बॅटमनच्या खिशात स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड. दिग्दर्शक जोएल शूमाकर यांनी पुढे चाहत्यांची माफी मागितली आणि बॅटमनचा पुढचा चित्रपट यायला आठ वर्षं लागली. माफी मागणं मला पटलं नाही. खेळण्यांनी कधी मागितली?

क्लायमॅक्सबद्दल फार बोलत नाही. आकाशात भोक पाडा, त्यातून राखाडी सैन्य उतरवा, रिकाम्या इमारती पाडा. 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर'ने बंद लिफ्टमध्ये दहा माणसं कोंबून त्याहून जास्त घाम फोडला होता, आणि ज्या संस्थेसाठी नायक लढतो तीच आतून किडलेली निघाली. ती नंतरच्या चित्रपटांतही पूर्वीसारखी सावरली नाही. त्या लेखकांना कोणीतरी वेळीच आवरायला हवं होतं.

इतकं करूनही चित्रपट पडलाच, तर खचून जाऊ नका. लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आलाय, असं जाहीर करा. २०२४मध्ये 'जोकर'चा दुसरा भाग आला. पहिल्याने १०० कोटी डॉलरच्या वर कमावले होते, दुसऱ्याला त्याचा चौथा हिस्साही जमला नाही. कंटाळा, दुसरं काय! त्याच वर्षी 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने १३० कोटी डॉलरच्या वर कमावले, तो विषय कोणी काढला तर पाणी प्यायला उठा.

मग थोडी वर्षं जाऊ द्या. नवा चेहरा शोधा, पोशाखाचा निळा रंग जरा गडद करा आणि पहिले पाढे पंचावन्न. यात लाजण्यासारखं काही नाही. बॅटमनच्या आईवडिलांना त्या गल्लीत आजवर इतक्या वेळा गोळ्या घातल्या गेल्यात, तरी त्याच्या गोथम शहराच्या नगरपालिकेने तिथे अजून दिवा लावलेला नाही. स्पायडर-मॅनचे बेनकाका २००२मध्ये गेले, २०१२मध्ये पुन्हा गेले. कोळ्याची तर तुम्ही काळजीच करू नका. तो तिथेच आहे, प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत.