जास्त जिंकणारा तोच चॅम्पियन? नॅसकारमध्ये असा काळ कधी नव्हता

नॅसकार, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींची मोठी मालिका. तिच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. ‘2004 च्या आधी नॅसकार सरळ होतं. जो जास्त शर्यती जिंकायचा तोच चॅम्पियन व्हायचा. सगळे ड्रायव्हर सगळ्या शर्यतींत उतरायचे आणि नियम सगळ्यांना एकच असायचे. 2003 मध्ये मॅट केन्सेथ फक्त एक शर्यत जिंकून चॅम्पियन झाला, त्याची लाज वाटून ‘चेस’ आणला गेला, आणि तेव्हापासून जिंकणाऱ्याची किंमत संपली.’

अमेरिकेत स्थायिक झालेले आपले लोकही हा मजकूर मनापासून पुढे पाठवतात, म्हणून मराठीत उत्तर देतो आहे. चेसचा, म्हणजे शेवटच्या 10 शर्यतींत अजिंक्यपद ठरवायच्या पद्धतीचा, वकील व्हायची मला हौस नाही. त्या पद्धतीवर आणि तिच्या पुढच्या अवतारांवर माझेही आक्षेप आहेत, ते खाली येतीलच. पण या मजकुरामुळे बेनी पार्सन्स, नेड जॅरेट, केन्सेथ अशा चॅम्पियन ड्रायव्हरांचं आयुष्यभराचं काम फुकटात मिळाल्यासारखं दिसतं. ते मला सहन होत नाही.

पहिलं वाक्य घेऊ: जो जास्त जिंकायचा तोच चॅम्पियन. खरं तर चॅम्पियन विजय मोजून नाही, हंगामभराच्या गुणांवर ठरायचा.

1954 मध्ये हर्ब थॉमसने 12 शर्यती जिंकल्या. चॅम्पियन झाला 7 जिंकणारा ली पेटी. 1961 मध्ये जो वेदरलीने 9 जिंकल्या आणि अजिंक्यपद नेड जॅरेटला मिळालं. जॅरेटचे त्या हंगामातले विजय किती? एक. दोन वर्षांनी वेदरली स्वतः 3 विजयांवर चॅम्पियन झाला आणि 14 शर्यती जिंकलेला रिचर्ड पेटी दुसरा आला. वेदरलीचा तो 1963 चा हंगाम मला फार आवडतो. त्याच्याकडे पूर्ण हंगामाची गाडीच नव्हती. या ट्रॅकवर याची, त्या ट्रॅकवर त्याची, असं करत तो 9 वेगवेगळ्या टीमच्या गाड्या मागून धावला आणि गुण गोळा करत राहिला. 1964 मध्ये पारडं फिरलं: जॅरेट 15 विजय, पेटी 9, आणि चॅम्पियन पेटी. 1970 मध्ये पेटीने 18 जिंकल्या, पण डार्लिंग्टनच्या ट्रॅकवरच्या अपघातानंतर काही शर्यती बुडाल्या आणि 11 विजयांचा बॉबी आयझॅक चॅम्पियन झाला. 1985 मध्ये बिल इलियटने 28 पैकी 11 शर्यती जिंकल्या, तरी हंगामाअखेर 3 विजयांचा डॅरेल वॉल्ट्रिप 101 गुणांनी पुढे होता. 1996 मध्ये जेफ गॉर्डनचे 10 विजय, टेरी लबाँटचे 2, आणि अजिंक्यपद लबाँटकडे.

कोणी म्हणेल, हे अपवाद वेचून काढलेत. म्हणून मी एक साधा हिशेब मांडला. नॅसकारमध्ये 7 वेळा चॅम्पियन झालेले तिघेच: रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट आणि जिमी जॉन्सन. तिघांची मिळून 21 अजिंक्यपदं. त्या प्रत्येक हंगामात त्यांच्याहून जास्त शर्यती दुसऱ्या कोणी जिंकल्या होत्या का, एवढंच पाहिलं.

पेटीच्या बाबतीत असं 3 वेळा झालं. 1964 चं वर आलंच. 1972 मध्ये बॉबी ॲलिसनचे 10 विजय होते, पेटीचे 8. 1979 मध्ये वॉल्ट्रिपचे 7, पेटीचे 5. अर्नहार्टच्या बाबतीत तर 7 पैकी 5 वेळा: 1980 मध्ये केल यारबरो, 1986 मध्ये टिम रिचमंड, 1991 मध्ये डेव्ही ॲलिसन आणि हॅरी गँट, 1993 आणि 1994 मध्ये रस्टी वॉलेस. 1993 मध्ये वॉलेसने 10 जिंकल्या होत्या आणि अर्नहार्टने 6. जॉन्सनच्या बाबतीत 4 वेळा: 2006, 2008, 2010 आणि 2013.

म्हणजे 21 पैकी 12 वेळा ‘सर्वात जास्त जिंकणारा’ दुसराच कोणीतरी होता. यातले जॉन्सनचे हंगाम चेसच्या काळातले. ते बाजूला ठेवले तरी पेटी आणि अर्नहार्ट यांच्या 14 अजिंक्यपदांपैकी 8 उरतात. ज्या दोन माणसांची नावं घेऊन ‘जुन्या खऱ्या नॅसकारची’ आठवण काढली जाते, त्यांच्याच कपाटातल्या अर्ध्याहून जास्त करंडकांना हा नियम लावता येत नाही.

आता ‘सगळे सगळ्या शर्यतींत उतरायचे’. यावर फार वेळ घालवायची गरज नाही. 1960 च्या दशकात हंगाम 50-60 शर्यतींचा असायचा. 1964 मध्ये तब्बल 62 होत्या. मधल्या वारी एखाद्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर धावायचं, रातोरात गाडी ओढून न्यायची आणि रविवारी पुन्हा दुसरीकडे उभं राहायचं, हे सगळ्यांना परवडत नव्हतं आणि सगळ्यांना नकोही होतं. फ्रेड लॉरेन्झन बक्षिसाच्या मोठ्या शर्यती निवडून उतरायचा. 1963 मध्ये 29 शर्यतींत 6 विजय मिळवून एका हंगामात 1 लाख डॉलरच्या वर कमावणारा तो पहिला ड्रायव्हर ठरला. डेव्हिड पिअरसन वुड ब्रदर्स या टीमच्या गाडीत बसल्यावर पूर्ण हंगाम धावलाच नाही. 1965 मध्ये आपल्या हेमी इंजिनावर बंदी आल्यामुळे क्रायसलर कंपनीने अंग काढून घेतलं आणि तिच्या गाडीतला पेटी काही महिने ड्रॅग रेसिंग (सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यती) करत होता. 1971 पासून विन्स्टन सिगारेटचं प्रायोजकत्व आलं, 1972 पासून छोट्या शर्यती कॅलेंडरमधून गेल्या आणि हंगाम 31 शर्यतींवर आला. सगळे मोठे ड्रायव्हर पूर्ण हंगाम धावतात ही सवय त्यानंतर हळूहळू रुजली.

‘नियम एकच’ हे तर त्याहून कच्चं आहे. 1950 मध्ये ली पेटीने नॅसकारची मान्यता नसलेल्या शर्यतींत भाग घेतला म्हणून त्याचे 809 गुण कापले गेले. त्या वर्षीचा चॅम्पियन बिल रेक्सफर्ड. विजय एक, आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाशी अंतर 110.5 गुणांचं. 1974 ची पद्धत तर आज वाचून विश्वास बसत नाही: जिंकलेल्या बक्षिसाची रक्कम गुणिले उतरलेल्या शर्यतींची संख्या, भागिले 1000. जी शर्यत श्रीमंत, तिचे गुण जास्त. एका वर्षात ती मोडीत निघाली आणि 1975 पासून बॉब लॅटफर्डने आखलेली पद्धत आली. तीच 2003 पर्यंत टिकली. बहुतेक लोक ‘जुनी पद्धत’ म्हणतात ती हीच, नॅसकारच्या या सर्वोच्च, म्हणजे कप मालिकेच्या 1949 पासूनच्या इतिहासातली एक.

जुन्या नोंदी स्वच्छ होत्या असं म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. 1 डिसेंबर 1963 रोजी जॅक्सनव्हिलला वेंडेल स्कॉटने शर्यत जिंकली. मालिकेच्या सर्वोच्च पातळीवर जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. पण शर्यत संपल्याचा झेंडा पडला बक बेकरच्या नावावर, करंडकही त्यालाच दिला गेला, आणि प्रेक्षक निघून गेल्यावर मोजणीत चूक झाल्याचं मान्य झालं. स्कॉट 1990 मध्ये वारला. त्याच्या कुटुंबाच्या हाती करंडक पडला 2021 मध्ये. ती शर्यत डिसेंबर 1963 मधली असूनही 1964 च्या हंगामात मोजली जाते, कारण तेव्हा हंगाम नोव्हेंबरातच सुरू व्हायचा.

आता केन्सेथकडे वळू, कारण या मजकुराचा सगळा राग त्याच्यावर आहे.

एका विजयावर चॅम्पियन होणारे कप मालिकेत चार जण झाले: 1950 चा रेक्सफर्ड, 1961 चा जॅरेट, 1973 चा पार्सन्स आणि 2003 चा केन्सेथ. चौघंही चेसच्या आधीचे. 2004 नंतर एक किंवा दोन विजयांवर कोणीही चॅम्पियन झालेला नाही, सर्वात कमी विजय 3 आहेत. मजकुराचा दावा याच्या अगदी उलटा आहे.

केन्सेथने 2 मार्च 2003 ला लास वेगासला हंगामातली तिसरी शर्यत जिंकली, चौथ्या शर्यतीनंतर गुणतक्त्यात पहिला आला आणि मग 33 आठवडे खाली उतरलाच नाही. 36 पैकी 25 शर्यतींत पहिल्या दहात. एक शर्यत बाकी असताना रॉकिंगहॅमच्या ट्रॅकवरच अजिंक्यपद त्याचं झालं होतं. शेवटच्या शर्यतीत इंजिन गेलं, 43 गाड्यांत तो शेवटचा आला आणि तरीही 90 गुणांनी पुढे राहिला. रायन न्यूमनने त्या वर्षी 8 शर्यती जिंकल्या हे खरं. पण ज्या दिवशी जिंकला नाही त्या दिवशी तो बऱ्याचदा भिंतीवर आदळलेला किंवा गॅरेजमध्ये होता, आणि हंगामात सहावा आला. 36 रविवार गाडी शाबूत घरी आणणं हेही या खेळातलं कसब आहे. रणजीच्या साखळीत एखादा संघ चार सामने डावाने जिंकून उरलेले हरला तर आपण त्याला गटात पहिला धरत नाही.

पद्धतीत दोष नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. लॅटफर्डच्या तक्त्यात पहिल्याला 175 गुण, दुसऱ्याला 170. एखादा लॅप (ट्रॅकची एक फेरी) आघाडीवर राहिलात तर 5, सर्वात जास्त लॅप आघाडीवर राहिलात तर आणखी 5. म्हणजे जिंकणाऱ्याला निदान 180 मिळायचे, आणि सर्वात जास्त लॅप आघाडीवर राहून दुसरा आलेल्यालाही 180. जिंकून आणि हरून गुण सारखे! ही तक्रार रास्त होती. पण तो दोष 1975 पासून होता, केन्सेथने तो निर्माण केला नाही. त्याच्या हातात जी वही दिली होती तीत त्याने सर्वात चांगला हिशेब लिहिला.

पार्सन्सबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1973 मध्ये पिअरसनने 18 शर्यतींत 11 जिंकल्या, पार्सन्सने 28 शर्यतींच्या हंगामात एक. रॉकिंगहॅमच्या शेवटच्या शर्यतीत तेराव्याच लॅपला पार्सन्सची गाडी आदळली आणि उजवी बाजू फाटून गेली. तिथे त्याचा हंगाम संपायला हवा होता. पण इतर टीमचे मेकॅनिक धावत आले, शर्यतीत न उतरलेल्या एका गाडीचे भाग कापून आणले, जोडले आणि त्याला पुन्हा ट्रॅकवर पाठवलं. तो 28 वा आला आणि केल यारबरोच्या पुढे 67.15 गुणांनी चॅम्पियन झाला. डेट्रॉइटला टॅक्सी चालवलेला हा माणूस गॅरेजमधल्या सगळ्यांचा आवडता होता. त्याच्या एका विजयाचा उल्लेख नाक मुरडून करणाऱ्यांनी ती दुपार वाचावी.

राहिलं शेवटचं: केन्सेथमुळे चेस आला आणि चेसमुळे जिंकणाऱ्याची किंमत संपली. 2003 च्या निकालाने बदलाला निमित्त मिळालं हे नाकारत नाही. पण त्याच सुमारास मुख्य प्रायोजक विन्स्टन जाऊन नेक्सटेल ही फोन कंपनी आली, 2001 पासून टीव्हीचे मोठे करार चालू होते, आणि शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉल सुरू झाला की नॅसकारचे प्रेक्षक तिकडे वळायचे. शेवटच्या 10 शर्यतींसाठी पहिल्या दहा जणांना जवळजवळ सारख्या गुणांवर आणणं हा त्यावरचा उपाय होता. दुखणं कमी विजयांचं असतं, तर औषध विजयाचे गुण वाढवण्याचं दिलं असतं. 2004 मध्ये विजयाचे गुण वाढले फक्त 5. म्हणूनच चेसच्या पहिल्याच वर्षी 3 विजयांचा कर्ट बुश 8 विजयांच्या जॉन्सनपेक्षा 8 गुणांनी पुढे राहून चॅम्पियन झाला.

या मजकुरातला एकच राग मला पटतो, आणि तो 2014 ते 2025 च्या पद्धतीवर लागू होतो. तेव्हा साखळी जाऊन बाद फेरी आली: 16 जण, टप्प्याटप्प्याने गळती आणि शेवटी चौघांत एकच शर्यत. त्याच वर्षी रायन न्यूमन एकही शर्यत न जिंकता अंतिम चौघांत पोहोचला आणि केव्हिन हार्विकच्या मागे दुसरा आला. 2020 मध्ये त्याच हार्विकने 9 शर्यती जिंकल्या आणि अंतिम चौघांत त्याला जागाच मिळाली नाही. 2010 च्या आयपीएलमध्ये गुणतक्त्यात अव्वल असलेली मुंबई नव्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात चेन्नईकडून हरली तेव्हा आपल्याला जसं वाटलं होतं, तसंच हे. पण क्रिकेटमध्ये निदान समोर एकच संघ असतो. इथे अंतिम शर्यतीत ट्रॅकवर आणखी तीसेक गाड्या धावत असायच्या आणि त्यातल्या कोणाचाही फुटलेला टायर वर्षाचा निकाल फिरवू शकायचा. ही टीका जरूर करा. तिच्यासाठी 1961 किंवा 1973 चा इतिहास वाकवायची गरज नाही.

आणि जुनी गुणपद्धत नीरस होती, विजयाचा तिच्यात काही संबंधच नव्हता, असं दुसऱ्या टोकाला जाऊन कोणी म्हणू लागलं, तर 15 नोव्हेंबर 1992 ची अटलांटाची शर्यत दाखवा. रिचर्ड पेटीची शेवटची, जेफ गॉर्डनची पहिली. ॲलन कुलविकी, स्वतःची टीम स्वतः चालवणारा विस्कॉन्सिनचा इंजिनिअर, हंगामात 2 विजय. समोर बिल इलियट, त्या दिवसाआधी 4 विजय. इलियटने ती शर्यतही जिंकली. कुलविकी दुसरा आला, पण आघाडीवर राहिला 103 लॅप, इलियट 102. त्या एका लॅपचे 5 गुण कुलविकीला मिळाले आणि तो 10 गुणांनी चॅम्पियन झाला. तो लॅप इलियटकडे गेला असता तर दोघांचे गुण सारखे झाले असते, आणि बरोबरी झाल्यावर ज्याचे विजय जास्त तो चॅम्पियन असा नियम होता. पिटमध्ये (पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागी) कधी यायचं याचा हिशेब कुलविकीच्या टीमने शर्यत चालू असतानाच मांडला होता, आणि म्हणून पेट्रोल संपत आलं असतानाही तो एक लॅप जास्त बाहेर थांबला.