किशनचं कौतुक करताना पारोला विसरू नका

आज सकाळी आमच्या चुलतभावंडांच्या ग्रुपवर एक रील आली. 'परिंदा'तले जॅकी श्रॉफ आणि अनिल कपूर, मागे दणदणीत म्युझिक, खाली ओळ: भाऊ असावा तर किशनसारखा. टाकली माझ्या थोरल्या काकांच्या मुलाने. लगेच सगळ्यांचे बदाम सुरू. मी तिथे काही बोलले नाही, पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

'परिंदा' माझा अत्यंत लाडका सिनेमा. 1989 चा, विधु विनोद चोप्रांचा. मुंबईच्या रस्त्यावर वाढलेली दोन पोरकी भावंडं. थोरला किशन, म्हणजे जॅकी, धाकट्या करणसाठी गुंड अण्णाच्या टोळीत जातो, त्याच पैशावर त्याला अमेरिकेत शिकवतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं? करणचा जिवलग मित्र इन्स्पेक्टर प्रकाश. अण्णाची माणसं त्याला गोळ्या घालतात, तो करणच्या हातांत जीव सोडतो. आणि त्यानंतर किशनची सगळी धडपड कशासाठी, तर करणने तोंड उघडू नये म्हणून.

या प्रकाशला एक बहीण आहे. पारो. दोन भावांचा सिनेमा म्हणताना तिसरा भाऊ कुणाच्या लक्षातच येत नाही. तिचाही भाऊच गेला ना? किशनला आपला भाऊ जगवायचा, तर पारोच्या भावाच्या खुनावर पडदा टाकायला हवा. ही किंमत तिने का मोजायची?

आमच्या घरी ही किंमत आईने मोजली. थोरल्या काकांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं, बाबा जामीनदार राहिले. काकांनी हप्ते थकवले आणि वसुली बाबांच्या पगारातून सुरू झाली. बाबांनी आईला सांगितलं, सोसायटीचा हप्ता आहे. एकदा धुवायच्या शर्टाच्या खिशात पगाराची स्लिप सापडली तेव्हा आईला कळलं. ती भांडली नाही. माझी हॉस्टेलची फी भरायची वेळ आली तेव्हा तिने पाटल्या मोडल्या. बाबांचं एकच वाक्य, "दादाने मला शिकवलंय."

शिकवलं होतं, खरंच. आजोबा लवकर गेले, काकांनी शाळा सोडली, दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलली, तेव्हा बाबांचा डिप्लोमा झाला. हे मी नाकारत नाही. किशननेही स्वतःसाठी काही ठेवलं नाही, तेही मान्य.

पण म्हणून पाटल्या आईच्या का जाव्यात? तिला कुणी विचारलं होतं? काकांनी तिला एका शब्दाने कधी विचारलं, वहिनी, कसं चाललंय? आणि वर आमच्याकडे प्रत्येक लग्नात काकांच्या त्यागाची गोष्ट. ऐकून ऐकून कान किटले. एकानेही कधी आईचं नाव घेतलं नाही!

सिनेमा मात्र किशनला सोडत नाही, म्हणून तो मोठा. करण शेवटी त्याच टोळीत शिरतो, मित्राचा सूड घ्यायला. ज्या आगीपासून थोरल्याने त्याला आयुष्यभर लांब ठेवलं, तिच्यातच. आणि लग्नाच्या रात्री बोटीवर करण आणि पारो दोघंही मारले जातात. मग किशन अण्णाला जाळतो, पण तोवर वाचवायला उरलंय कोण? नाना पाटेकरांना अण्णाच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रेणू सलूजांना संकलनासाठी मिळाला, दोन्ही शंभर टक्के रास्त. पण मी दरवेळी बघते ते जॅकीचा चेहरा. भावावर इतका जीव असलेला माणूस भावालाच वाचवू शकत नाही, हे त्या चेहऱ्यावर सावकाश उमटत जातं. रीलमध्ये नेमकं तेच कापलेलं असतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काका शेवटच्या आजारपणात बाबांचा हात सोडत नव्हते. काही बोलायचं असावं, बोलले नाहीत. बाबा उशाशी बसून राहायचे. त्या दोघांचं प्रेम खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

चुलतभावाला टॅग करत नाही, तो वाचेलच. काकांच्या वर्षश्राद्धाला मी आणि आई दोघी येतोय. पुरणाला मी स्वतः उभी राहीन. पण जेवणं झाल्यावर "दादांनी सगळ्यांसाठी केलं" सुरू झालं, तर पाटल्यांची गोष्ट मी सांगणार. आई डोळ्यांनी दटावेल, तरी सांगणार.