पाहुणे आले की माझ्या पोटात गोळा येतो

परवा पुन्हा तेच. कराडहून मावशी आणि काका आले, "गेटवे दाखव गं." डोंबिवलीहून लोकलने लोंबकळत सीएसएमटी, तिथून टॅक्सी. पहिले दोन टॅक्सीवाले "नाही जमणार", तिसरा मीटर सोडून थेट आकडाच बोलला.

गेटवेला पोहोचलो आणि मावशी कानात पुटपुटली, "बाई, जाऊन यायचंय." संपलं! पाटी? शोधून दाखवा. पोलिसाला विचारलं, तो म्हणाला पुढे विचारा. पुढे चहावाला म्हणाला मागे विचारा. गुडघे दुखणारी पासष्ट वर्षांची बाई त्या उन्हात गरगर फिरवली मी. शेवटी एका हॉटेलात घुसलो आणि नुसतं आत जाता येईना म्हणून चार चहा घेतले. आम्ही तिघं होतो.

मग लाँचचं तिकीट काढायला गेलो, तर सोमवार! सोमवारी घारापुरीची लेणी बंद. हे मलाच ठाऊक असायला हवं होतं, मान्य. (तिसऱ्यांदा विसरले.) पण वाटेत कुठे एक ठळक फलक लावायला काय जातं? १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत ही लेणी, आणि आज बंद आहेत हे कळलं कुणाकडून? "हार्बर राईड घ्या मॅडम" म्हणत मागे लागलेल्या पोऱ्याकडून.

फोटोवाले मात्र दर दहा पावलांवर. काकांनी फोटो काढला. मावशीचे डोळे मिटलेले.

पुढच्या महिन्यात नणंद येतेय. तिलाही गेटवेच बघायचंय.