बीपीएमचं भांडण पुरे, आता खोल्यांचं बोला

काल रात्री पुन्हा तेच झालं. आम्ही पाच-सहा जण जमलो होतो, सगळे टेक्नोवर, म्हणजे क्लबात नाचायच्या त्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर, जीव टाकणारे. कुणीतरी नेहमीचा विषय काढला, बर्लिनच्या टेक्नो क्लबांचा सीन आता पूर्वीसारखा राहिलाय का, आणि दहा मिनिटांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, खरा टेक्नो नव्वदीतच होता. आता नुसता धिंगाणा, १५० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १५० ठोक्यांचा मारा, मोबाइलवर पंधरा सेकंदांत उठून दिसावा म्हणून रचलेला तुकडा. दुसरा तट म्हणतो, तुमच्यानं आता पहाटेपर्यंत उभं राहवत नाही म्हणून तुम्हाला सगळं वाईट दिसतं. तीन तास हे चाललं. आवाज चढले, एकानं दुसऱ्याच्या कॉलेजातल्या आवडीनिवडी उकरून काढल्या, एक जण रागानं बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आणि त्या तीन तासांत एकाच्याही तोंडून 'भाडं' हा शब्द आला नाही. 'करार' आला नाही. 'जमीन कुणाची' हे कुणी विचारलं नाही.

माझं डोकं सणकलं ते तिथं. हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकतोय, शब्दसुद्धा पाठ झालेत. कोण कुठल्या वाक्याला मान हलवणार, कोण कुठल्या डीजेचं नाव निघालं की उसळणार, सगळं आधीच माहीत असतं. एका शहराचं संगीत तीस-पस्तीस वर्षांत कसं बदललं यावर एवढी तोंडं चालतात, आणि ते ज्या भिंतींच्या आत वाजलं त्या भिंतींचं काय झालं हे कुणाच्या गावीही नसतं.

वेगाचं आधी निपटवून टाकतो, कारण सगळ्यात जास्त घसा त्यावरच कोरडा पडतो. 'हा आजकालचा हार्ड टेक्नो म्हणजे बर्लिनचा अपमान आहे' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनो, बर्लिनमधल्या राइनहार्टश्ट्रासे या रस्त्यावरच्या बुंकरचं नाव ऐकलंय का? दुसऱ्या महायुद्धातला हवाई हल्ल्यापासून बचावाचा काँक्रीटचा ठोकळा तो. १९९२ ते १९९६ तिथं क्लब चालला आणि तिथं गॅबर वाजायचा, हार्डकोअर वाजायचा, म्हणजे टेक्नोचे सगळ्यात वेगवान, आडदांड प्रकार, आजच्या पोरांना धाप लागेल अशा वेगानं. तुमच्या त्या सोन्याच्या नव्वदीत, तुमच्याच त्या पवित्र शहरात! मग दोन हजारनंतर मिनिमल नावाचा प्रकार आला, सगळं हळू आणि बारीक झालं, तेव्हा त्यालाही शिव्या घालणारे होतेच. वेग चढतो, उतरतो, परत चढतो. यावरून 'टेक्नो मेला' असं म्हणणाऱ्या माणसानं निदान आपल्याकडच्या रेकॉर्ड वर्षांप्रमाणे लावून एकदा ऐकाव्यात. एवढी साधी अपेक्षा आहे माझी. आणि त्या बुंकरमध्ये आज काय आहे? एका संग्राहकाचा खाजगी कलासंग्रह. आधी वेळ ठरवून बघायला जावं लागतं. क्लब गेला, इमारत राहिली. चर्चा करायची तर याची करा ना.

त्याहून जास्त संताप येतो तो 'बर्लिननं टेक्नो जन्माला घातला' म्हणणाऱ्यांचा. काल एकानं हेही म्हटलं, आणि इतक्या सहज म्हटलं की बाकीच्यांनी मानासुद्धा डोलावल्या. अरे बाबांनो, अमेरिकेतलं डेट्रॉईट! हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन, डेट्रॉईटजवळच्या बेलव्हिल गावच्या शाळेतली ही काळी पोरं. ॲटकिन्सच्या 'सायबोट्रॉन' या जोडीची पहिली रेकॉर्ड १९८१ सालची. बर्लिनची भिंत पडली १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये. मधली आठ वर्षं कुठं गेली तुमच्या इतिहासातून? बर्लिनच्या ट्रेझॉर क्लबनं १९९१ मध्ये स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं तेव्हा त्यावरची पहिली रेकॉर्डसुद्धा जेफ मिल्स, माइक बँक्स आणि रॉबर्ट हुड या डेट्रॉईटकरांची होती. ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांचं नाव पुसून ते दुसऱ्या शहराच्या खाती जमा करणं हा अन्याय आहे, आणि तो स्वतःला जाणकार म्हणवणारी माणसं करतात याचा मला जास्त राग येतो.

आणि गंमत म्हणून हे सांगत नाहीये, मुद्द्याचंच आहे. डेट्रॉईटमध्ये १९८८ साली म्युझिक इन्स्टिट्यूट नावाचा क्लब निघाला. तिथं दारू मिळत नव्हती, लोक फक्त नाचायला यायचे, डेरिक मे तिथं वाजवायचा. पुढच्याच वर्षी तो बंद पडला. डेट्रॉईटकडे संगीत होतं. बर्लिनकडे रिकाम्या खोल्या होत्या. म्हणून ती माणसं विमानानं तिकडे गेली.

रिकाम्या खोल्या कशा आल्या, हेही कुणी बोलत नाही. 'भिंत पडली आणि स्वातंत्र्याची लाट आली' एवढंच सगळे घोकतात. लाट आली असेल, पण लाटेला छप्पर लागतं. पूर्व बर्लिनमधल्या शेकडो इमारतींचा मालक कोण, हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. नाझींनी ज्यूंकडून बळकावलेल्या, नंतर पूर्व जर्मनीच्या सरकारनं ताब्यात घेतलेल्या मालमत्ता, एकेकावर दोन-दोन पिढ्यांचे दावे. दाव्यांचा निकाल लागेपर्यंत जागा पडून. तेवढ्या काळापुरते तात्पुरते करार मिळायचे, नगण्य भाड्यात, अनेकदा करारसुद्धा नाही. त्यात पश्चिम बर्लिननं रात्री बार मिटवायची सक्ती १९४९ मध्येच उठवलेली, त्यामुळे सकाळपर्यंत वाजवायला आडकाठी नव्हती. कागदपत्रांचा गोंधळ आणि बंद होण्याची वेळ नसलेलं शहर, या दोन गोष्टींतून तो सीन उभा राहिला.

ट्रेझॉर तसाच मिळाला. लाइपझिगर श्ट्रासेवर वेर्टहाइम नावाचं एक काळचं प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर होतं, युद्धात उद्ध्वस्त झालेलं. ट्रेझॉर काढणारा दिमित्री हेगेमान आणि त्याच्या साथीदारांना जमिनीखाली त्याची तिजोरीची खोली सापडली. गंजलेले लॉकर, एकावर एक, कित्येकांची दारं उचकटलेली. जाड लोखंडी गज. १९९१ च्या मार्चमध्ये क्लब उघडला तेव्हा डीजे त्या गजांच्या पलीकडे आणि नाचणारे अलीकडे. छत बुटकं, भिंतींना ओल, माणसांच्या अंगची वाफ वर जाऊन थेंब होऊन परत खाली पडायची. त्या काळचा आवाज एवढा कोरडा, एवढा कठीण का, हे मला त्या खोलीचे फोटो पाहिल्यावर कळलं. अशा ठिकाणी मंजुळ काही वाजवून चालतच नाही. खोली आवाज घडवते. हे ज्याला समजलं नाही त्यानं बीपीएमचे आकडे कितीही तोंडावर फेकावेत, त्याला काहीही समजलेलं नाही.

एप्रिल २००५ मध्ये ती जागा गेली. मोक्याची जमीन, पोट्सडामर प्लाट्स हा गजबजलेला चौक हाकेच्या अंतरावर, विकली गेली. काही वर्षांपूर्वी मी दोन मित्रांबरोबर मुद्दाम तिथं गेलो होतो. वेर्टहाइमच्या जुन्या आवारात आता चकचकीत मॉल आणि ऑफिसं. लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन ये-जा करत होते. मी खाली फरशीकडे बघत उभा होतो, याच्याखाली काय काय होतं याचा विचार करत. आणि माझे हे दोन मित्र, इतकी वर्षं टेक्नो ऐकणारे, त्याच फुटपाथवर उभे राहून काय करत होते? पहिला ट्रेझॉर भारी की २००७ मध्ये कोपेनिकर श्ट्रासेच्या जुन्या वीजकेंद्रात उघडलेला दुसरा, यावर हातवारे करून भांडत होते. पाठ मॉलकडे! एकानंही वळून बघितलं नाही. मी म्हटलं, 'अरे, समोर बघा तरी.' एक म्हणाला, 'काय बघायचंय, मॉल तर आहे.' इतका राग मला क्वचितच आलाय.

आता पर्यटकांचं. 'स्वस्त विमानं आली आणि सगळं नासलं' हे पालुपद. स्वस्त विमानं आली हे खरं, इझीजेट या स्वस्त विमान कंपनीनं बर्लिनच्या शोनेफेल्ड विमानतळावर आपला तळ २००४ मध्ये टाकला आणि शनिवार-रविवारपुरती येणारी गर्दी वाढली. मान्य. रांगा लांबल्या, मान्य. पण वॉटरगेट का बंद झाला हे वाचलंत का? २००२ मध्ये श्प्रे नदीच्या काठावर उघडलेला क्लब, २०२४ च्या अखेरीला कायमचा बंद. त्यांनी कारणं सांगितली त्यात वाढता खर्च होताच, शिवाय क्लबसाठी बर्लिनला येणाऱ्यांचा लोंढा ओसरल्याचंही त्यांनी स्वतः सांगितलं. म्हणजे ज्या पर्यटकांच्या नावानं तुम्ही वीस वर्षं बोटं मोडताय, त्यांच्या तिकिटांवर त्या खोलीचं भाडं निघत होतं. विशीतल्या पोरांना, त्यांच्या चष्म्यांना, त्यांच्या नाचायच्या पद्धतीला शिव्या घालायच्या आणि जमिनीचे भाव, भाडेवाढ, बिल्डर यांच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि हे काही कालपरवाचं नाही. बर्लिनच्या सगळ्यात नावाजलेल्या बर्गहाइन क्लबचा एवढा गजर करता, त्याच्याआधी त्याच लोकांचा ओस्टगूट होता, रेल्वेच्या जुन्या मालगोदामात. १९९८ ते २००३. तिथं मोठं अरिना बांधायचं ठरलं म्हणून ते पाडलं. नदीकाठचा 'बार ट्वेंटीफाइव्ह' नावाचा क्लब २०१० मध्ये गेला. नदीकाठी ऑफिसं आणि टॉवर उठवायची मीडियाश्प्रे नावाची योजना होती, तिच्याविरुद्ध २००८ मध्ये त्या भागातल्या नागरिकांनी सार्वमत घेतलं आणि ८७ टक्के मतं विरोधकांच्या बाजूनं पडली. ८७ टक्के! सरकारवर ते बंधनकारक नव्हतं, तरी माणसं रस्त्यावर आली, होड्या घेऊन नदीत उतरली. आता ए-१०० महामार्ग पुढे वाढवायची योजना ओस्टक्रॉइत्स स्टेशनच्या बाजूनं जाते आणि अबाउट ब्लँकसारखे क्लब तिच्या वाटेत येतात. हे सगळं 'सीन कसा बदलला' या प्रश्नाचंच उत्तर आहे ना? मग काल तीन तासांत याला एक मिनिटही का मिळालं नाही?

त्यात एक जण उठून म्हणतो, 'आता काळजी नाही, युनेस्कोनं बर्लिनचा टेक्नो जागतिक वारसा केलाय.' नाही केलेला. २०२४ च्या मार्चमध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या राष्ट्रीय यादीत गेली, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या. ती युनेस्कोची जागतिक यादी नव्हे. आणि यादीत नाव आलं म्हणून घरमालकाची नोटीस थांबत नाही. वॉटरगेट त्याच वर्षी बंद झाला! तसंच २०२१ च्या मे महिन्यात जर्मन संसदेनं ठराव केला की क्लबांना बांधकाम नियमांत करमणुकीच्या अड्ड्यांऐवजी सांस्कृतिक जागा मानावं, म्हणजे ते ऑपेरा-संग्रहालयांच्या रांगेत येतील. तेव्हाही असाच आनंदीआनंद. पण तो ठराव होता, कायदा नव्हे. हा फरक वाचायला किती वेळ लागतो? एका ट्रॅकएवढाही नाही. ज्यावर आपलं एवढं प्रेम आहे असं सांगता, त्याच्याबद्दलची चार पानं वाचायचा कंटाळा कसला येतो?

बरं, करता येण्यासारखं काही नसतं तर मी गप्प बसलो असतो. बार ट्वेंटीफाइव्हच्या मंडळींनी जागा गेल्यावर रडगाणं गायलं नाही. त्यांनी सहकारी संस्था काढली. २०१२ मध्ये नदीकाठची तीच जमीन लिलावात आली तेव्हा स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या आबेंडरोट या निवृत्तिवेतन संस्थेनं ती विकत घेतली आणि यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिली. तिथं आज होल्त्समार्क्ट हा त्यांचा स्वतःचा वसवलेला परिसर उभा आहे. २०१८ पासून बर्लिन सरकारनं क्लबांच्या ध्वनिरोधक भिंतींसाठी दहा लाख युरोंचा निधी ठेवला, म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून क्लब बंद पडू नये. हे क्लबवाल्यांनी वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून मिळवलं. ही माणसं माझ्या लेखी त्या सीनचे खरे नायक आहेत, आणि आपल्यासारख्या चाहत्यांना त्यांचं नावगावही माहीत नाही. आपल्याला माहीत काय, तर कुठल्या डीजेनं कुठल्या वर्षी किती वेगानं वाजवलं.

काल मी हे सगळं बोललो. आवाज चढवून बोललो, त्याचं वाईट वाटत नाही. दोन मिनिटं शांतता झाली. मग बाल्कनीतला आत आला आणि म्हणाला, 'ते सगळं ठीक आहे रे, पण १५० म्हणजे टेक्नो नाहीच.' झालं, पुन्हा सुरू.

मी निघालो. बूट घालत होतो तेवढ्यात एकानं दारात येऊन विचारलं, 'मग तुझ्या मते खरा सीन कुठल्या काळातला?' मी म्हटलं, आधी होल्त्समार्क्टचा भाडेपट्टा किती वर्षांचा आहे ते शोधून काढ, मग मला फोन कर. अजून त्याचा फोन आलेला नाही.